न दिसणाऱ्याचे चित्र

कृष्णाकाठच्या कोणत्याही माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या विद्यार्थ्याची विज्ञानाची वही चाळली, तर तीत एक आकृती हमखास आढळते. मधोमध एक लहान वर्तुळ. ते अणूचे केंद्रक. त्याच्याभोवती एकाहून एक मोठी अशी दोन-तीन वर्तुळे; ती के, एल, एम ही कवचे. त्या वर्तुळांवर शाईचे ठिपके, ते इलेक्ट्रॉन. आकृती सोडियमची असेल तर पहिल्या वर्तुळावर दोन, दुसऱ्यावर आठ आणि तिसऱ्यावर एकच एक ठिपका. कंपासपेटी हरवलेली असेल तर आईची बांगडी, बाटलीचे झाकण आणि एक नाणे एवढ्या साहित्यावर ही आकृती सुबक निघते, आणि परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळतात.

तोच विद्यार्थी दहावी होऊन अकरावीच्या विज्ञानशाखेत जातो. तेथे त्याला सांगण्यात येते की, इलेक्ट्रॉन असा वर्तुळावरून फिरत नाही. वर्तुळांच्या जागी चौकटी येतात, ठिपक्यांच्या जागी वर किंवा खाली तोंड केलेले बाण येतात, आणि त्यांच्याखाली एस, पी, डी, एफ ही अक्षरे येतात. पुढे तो पदवीपर्यंत पोहोचलाच, तर त्याला असेही कळते की, चौकट हीसुद्धा हिशेबाची सोय आहे. अणूच्या पोटात चौकटीही नाहीत आणि बाणही नाहीत.

धर्मग्रामातील मुले सुटीत वह्या घेऊन आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्यापैकी एखादे धीट मूल विचारते, ‘‘मग आधी आम्हाला खोटे का शिकवले?’’ हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. तो नीतिशास्त्राचा आहे. ज्या चित्राविषयी शिकविणाऱ्यालाच ठाऊक आहे की वस्तू तशी नाही, ते चित्र मुलाच्या हाती देणे सत्याला धरून आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ‘सिलॅबस तसाच आहे’ एवढ्यावर देऊन भागणार नाही. मुलाने विचारले आहे ते विश्वासाविषयी, आणि विश्वासाविषयीच्या प्रश्नाला नीट उत्तर देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

प्रथम या चित्रांची वंशावळ पाहू. इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि पुढे १९०४ मध्ये अणूचे एक प्रारूप मांडले. नाताळच्या पुडिंगमध्ये मनुका रुतून बसाव्यात तसे धनप्रभारित गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत, असे ते चित्र होते. रुदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला असता काही थोडे कण चक्क मागे उसळले, आणि १९११ मध्ये रुदरफर्ड यांनी पुडिंगचे चित्र पुसून मध्यभागी एक अतिसूक्ष्म केंद्रक बसविले. परंतु केंद्रकाभोवती घिरट्या घालणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकात कोसळावयास हवा. तसे तर होत नाही. म्हणून १९१३ मध्ये नील्स बोर यांनी ठराविक ऊर्जेच्या स्थिर कक्षा कल्पिल्या. आठवीच्या वहीतील बांगडीची वर्तुळे ती हीच. या चित्राने हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचा हिशेब अचूक जुळविला. परंतु हायड्रोजनच्या लगेच पुढच्या हेलियमपाशी ते अडखळले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी इलेक्ट्रॉनचे तरंगसमीकरण मांडले, मॅक्स बॉर्न यांनी त्या तरंगाचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत लावला, आणि इलेक्ट्रॉनची वाट ही कल्पनाच मागे पडली. १९३२ मध्ये मलिकन यांनी जुन्या ‘ऑर्बिट’ या शब्दाला किंचित मुरड घालून ‘ऑर्बिटल’ हा शब्द रूढ केला. ऑर्बिट म्हणजे ठरलेली वाट. ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याचा किती संभव आहे, हे सांगणारा तरंगाचा आकार. आपल्या मराठी वर्गांतून हा शब्द बहुधा ‘ऑर्बिटल’ असाच उच्चारला जातो.

अवघ्या तीस वर्षांच्या आत अणूची चार चित्रे काढली गेली आणि त्यांतील तीन मागे पडली. पुसणारे आळशी नव्हते आणि काढणारे लबाड नव्हते. मग चित्र खोटे ठरले म्हणजे नेमके काय झाले?

सांगलीकरांना ही गोष्ट समजावून सांगण्यास कृष्णा नदीइतका चांगला दाखला नाही. गावाच्या नकाशावर कृष्णा एका निळ्या रेघेने दाखविलेली असते. ती रेघ खोटी नाही. तिच्या आधाराने पूल बांधला जातो, शेताची हद्द ठरते. परंतु आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरलेली असताना ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर पाहिलेल्या वृद्धांनाही जे पाणी घरात शिरेल असे वाटले नव्हते, ते शिरले. आणि जुलै २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला. नदी म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, हे त्या वेळी ज्याला त्याला कळले. म्हणून पाटबंधारे खाते नदीच्या दोन्ही काठांना आणखी दोन रेषा आखते. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारे पाणी जेथवर पोहोचेल ती निळी पूररेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी जेथवर पोहोचेल ती लाल पूररेषा. या रेषा नदी कोठे आहे हे सांगत नाहीत. ती कोठवर असू शकते आणि किती संभवाने, हे सांगतात.

बोर यांची कक्षा ही नकाशावरच्या निळ्या रेघेसारखी आहे, आणि ऑर्बिटलची आकृती पूररेषेसारखी. पुस्तकात एस ऑर्बिटलचा गोल आणि पी ऑर्बिटलचा डमरूसारखा आकार काढलेला असतो. त्याची कड म्हणजे भिंत नव्हे. तिच्या आत इलेक्ट्रॉन शंभरापैकी सुमारे नव्वद वेळा सापडेल, एवढाच तिचा अर्थ. उरलेल्या वेळा तो कडेच्या बाहेरही सापडू शकतो. अर्थात आमचा हा दाखलाही एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. नदीचे पाणी एका क्षणी कोठेतरी निश्चित असते, मोजणाऱ्याला ते दिसते. इलेक्ट्रॉनविषयी, मोजमाप करण्यापूर्वी तो अमुक ठिकाणी होताच, असे म्हणण्याची मुभा पुंजयामिकी देत नाही. वाचकांनी दाखला वापरावा आणि या ठिकाणी तो खाली ठेवावा.

डमरूच्या आकारावरून एक कोडे मुलांना नेहमी पडते. डमरूच्या कमरेशी, म्हणजे नेमक्या केंद्रकापाशी, इलेक्ट्रॉन सापडण्याचा संभव शून्य असतो. मग तो वरच्या फुग्यातून खालच्या फुग्यात जातो कसा? याचे उत्तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मिळते. भोपळ्याचे तंबोरे घडविणाऱ्या तेथील कारागिरांच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या तारेला बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून ती छेडली, तर वरच्या सप्तकातील स्वर उमटतो. त्या वेळी तारेचे दोन्ही अर्धे भाग थरथरत असतात आणि मधला बिंदू मात्र स्तब्ध असतो. स्वर त्या स्तब्ध बिंदूला ओलांडून अलीकडून पलीकडे कसा गेला, असे कोणी विचारीत नाही. कारण स्वर हा तारेवरून चालणारा प्रवासी नव्हे, तर सबंध तारेची ती एक अवस्था आहे. १९२४ मध्ये द ब्रॉय यांनी इलेक्ट्रॉनच्या ठायी तरंगाचा गुण कल्पिला तेव्हापासून अणूचे गणित याच रीतीने केले जाते. ‘तो पलीकडे गेला कसा?’ हा प्रश्न चुकीच्या चित्रातून जन्माला आलेला आहे. चित्र आपणास उत्तरे देते तसेच ते आपल्याकडून प्रश्नही विचारवून घेते, आणि चित्राची हद्द ठाऊक नसेल तर माणूस आयुष्यभर नको तो प्रश्न विचारीत राहतो.

आता चौकटी आणि बाण. या आकृत्यांकडे मुले कंटाळवाणे काम म्हणून पाहतात. परंतु त्यांच्यात एक शिस्त आहे. कमी ऊर्जेची जागा आधी भरावयाची, हा पहिला नियम. एका चौकटीत दोहोंपेक्षा अधिक बाण नाहीत, आणि दोन असल्यास त्यांची तोंडे परस्परविरुद्ध, हा पाउली यांच्या १९२५ मधील सिद्धांतातून आलेला दुसरा नियम. सारख्या ऊर्जेच्या चौकटी असतील तर आधी प्रत्येकीत एकेक बाण ठेवावयाचा आणि मगच जोड्या लावावयाच्या, हा हुंड यांचा तिसरा नियम. सातारा-पंढरपूर एसटीत आधी प्रत्येक जण रिकामे बाकडे धरून खिडकीशी बसतो आणि रिकामे बाकडे उरले नाही म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी टेकतो, तसेच हे. नायट्रोजनच्या सात इलेक्ट्रॉनांपैकी शेवटचे तीन म्हणूनच तीन वेगवेगळ्या चौकटींत एकेकटे असतात. लोखंडाचे सव्वीस इलेक्ट्रॉन याच शिस्तीने मांडले तर डीच्या पाच चौकटींत सहा बाण येतात. एका चौकटीत जोडी आणि चार चौकटींत एकेकटे बाण. लोखंडाच्या चुंबकत्वाचे मूळ या एकेकट्यांत आहे.

ही शिस्त नुसती पाठ करण्याची वस्तू नव्हे. क्रोमियमपाशी येताच नियमाने चालणारा विद्यार्थी डीमध्ये चार आणि एसमध्ये दोन बाण काढतो. प्रत्यक्षात तेथे डीमध्ये पाच आणि एसमध्ये एक असतो. तांब्यापाशीही तसेच, डीमध्ये दहा आणि एसमध्ये एक. आपण आखलेल्या नियमासाठी तांबे बदलत नाही. नियमाला तांब्यापुढे वाकावे लागते. स्वतःच्या हाताने एकोणतीस बाण काढून शेवटचा बाण खोडून दुसऱ्या चौकटीत ठेवताना मुलाला जे कळते, ते आम्हाला मोलाचे वाटते. आपल्या व्यवस्थेपेक्षा वस्तू मोठी आहे, हे त्याला पेन्सिलीच्या टोकाशी कळते.

आकृतीचे खरेखोटेपण कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न साताऱ्या-सांगलीच्या मातीत दोन निराळ्या रूपांनी पूर्वीच येऊन गेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकावयास गेले. परंतु काही रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीला अडचण होती, म्हणून त्यांनी रंगांचा नाद सोडून यंत्रांच्या आकृत्या काढण्याची विद्या हस्तगत केली आणि तीच शिकविली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली. त्यांना जागा देणारे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. रामकथेवरील त्यांच्या चित्रांचे पुस्तक १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच संस्थानात एक जण नांगराची आकृती काढीत होता आणि दुसरा रामाचे चित्र.

नांगराची आकृती खरी की खोटी हे ठरविणे सोपे आहे. तिच्याप्रमाणे फाळ ओतावा, शेतात चालवावा. माती उलटली तर आकृती खरी. रामाच्या चित्राला ही कसोटी लागत नाही. चित्रकाराने रामाला पाहिलेले नाही, आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक आहे; ते चित्र भक्ताच्या मनाला कोठे नेते, यावर त्याचे मोल ठरते. अणूची आकृती या दोहोंच्या मध्ये उभी आहे. रामाच्या चित्राप्रमाणे तिच्यातील वस्तू कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. परंतु नांगराच्या आकृतीप्रमाणे तिला शेतात उतरावे लागते. प्रमाणाचाच विचार केला तरी वहीच्या पानावर अणू खऱ्या मापाने मावणारच नाही. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे धरले तर अणूचा पसारा काही शे मीटरांचा होईल. दाणा खळ्यावर आणि इलेक्ट्रॉनचा वावर सबंध शिवारभर. म्हणून अणूच्या आकृतीला ‘तू वस्तूसारखी दिसतेस काय?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘तू सांगतेस ते प्रत्ययाला येते काय?’ असेच तिला विचारावे लागते.

आणि ते प्रत्ययाला येते. सांगलीत तर ते स्वयंपाकघरात येते. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. तिलाही २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की तो डाग लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीतही क्षाराच्या याच गुणावर चालते. हळदीतील रंगद्रव्याच्या रेणूत काही इलेक्ट्रॉन एकाच अणूच्या चौकटीत बसून राहत नाहीत. ते कार्बनच्या लांब साखळीवर पसरलेले असतात. अशा पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना निळ्या-जांभळ्या प्रकाशाची ऊर्जा मानवते. तो प्रकाश ते शोषून घेतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत उरलेला पिवळा रंग पोहोचतो. साबणातील क्षाराने ही मांडणी बदलते आणि रंगही बदलतो. जे कधी दिसणार नाही त्याचा रंग आईच्या पदराला लागलेला आहे.

प्रत्ययाची ही कसोटी कठोर आहे आणि ती लाडक्या चित्रालाही सोडत नाही. दोन ऑक्सिजन अणूंची जोडी शाळेत ठिपक्यांनी दाखवितात. त्यात सर्व इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसलेले दिसतात, आकृती देखणी असते. या आकृतीप्रमाणे ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जाऊ नये. परंतु जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्येच दाखविले होते की, द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांना जाऊन चिकटतो. पुढे सबंध रेणूचे ऑर्बिटल कल्पून आकृती काढण्यात आली, तेव्हा तीत दोन बाण एकेकटे निघाले आणि कोडे सुटले. देखणेपणावर गुण देणाऱ्या परीक्षकाने हे उदाहरण विसरू नये.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. संत ऑगस्टीन यांनी असत्य बोलण्याविषयी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. सेमिनरीत आम्हाला त्यांचे सार शिकविले गेले ते असे की, असत्याचे मर्म वाक्य आणि वस्तू यांच्यातील अंतरात नाही. ते मनात एक असताना ओठावर दुसरे आणण्यात आणि त्यामागील फसविण्याच्या इच्छेत आहे. या कसोटीवर आठवीचे चित्र असत्य ठरत नाही. शिक्षकाला मुलाची फसवणूक करावयाची नसते. त्याला मुलाच्या वयाला पेलेल एवढे द्यावयाचे असते. तान्ह्या बाळाला दूध पाजणारी आई त्याला अन्नाविषयी फसवीत नाही. दूध हेही अन्नच आहे.

परंतु येथेच थांबणे आम्हाला सोयीस्कर वाटते, पुरेसे वाटत नाही. आई दूध पाजते तेव्हा पुढे भाकरी येणार आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. वर्गात मात्र चित्र दिले जाते आणि त्याची हद्द सांगितली जात नाही. ‘अणू असा असतो’ असे फळ्यावर लिहिले जाते. ‘एवढी गोष्ट समजण्यासाठी अणू असा कल्पावा’ असे लिहिले जात नाही. या दोन वाक्यांत फरक चार शब्दांचा असेल, परंतु नीतीच्या दृष्टीने तो मोठा आहे. चित्र अपुरे असणे हा दोष नाही. सर्वच चित्रे अपुरी असतात. त्याचे अपुरेपण ठाऊक असूनही ते झाकून ठेवणे हा दोष आहे. कृष्णेची निळी रेघ दाखवून कोणी प्लॉट विकला आणि पूररेषेचा उल्लेखच केला नाही, तर नकाशातील रेघ खरी असूनही व्यवहार खोटा ठरतो. घेणारा ज्याच्यावर विसंबून राहणार आहे, त्याची मर्यादा त्याला सांगणे हे देणाऱ्याचे ऋण आहे.

हे ऋण आपल्या भागात अधिक जड का, तेही सांगावयास हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, ते ज्यांच्या घरात पुस्तक शिरले नव्हते अशा मुलांसाठी. त्याच १९१९ साली सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून आजपर्यंत माण, खटाव, आटपाडी, जत अशा दुष्काळी तालुक्यांतून कितीतरी घरांतील पहिली मुलगी किंवा पहिला मुलगा अणूची आकृती काढीत आला आहे. ज्या घरात शिकलेली माणसे आहेत तेथे एखादा काका किंवा आत्या सांगते, ‘‘अरे, हे सोपे करून सांगितले आहे, खरे प्रकरण पुढे आहे.’’ ज्याच्या घरी असे सांगणारे कोणी नाही, त्याला छापील आकृती म्हणजे शेवटचा शब्द वाटतो. अकरावीत मराठी सुटते, सारे शिक्षण एकदम इंग्रजीत सुरू होते, आणि त्याच आठवड्यात जुने चित्रही काढून घेतले जाते. हुशार मुले अशा वेळी गप्प होतात. काही जण ठरवितात की आपणासच समजत नाही. काही जण ठरवितात की ज्ञान म्हणजे साहेबाला हवे ते उत्तर लिहिणे. पहिल्याचा आत्मविश्वास जातो, दुसऱ्याची सत्यावरची निष्ठा जाते. या दोन्ही हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

कोणी म्हणेल, बारा-तेरा वर्षांच्या मुलापुढे इतका काथ्याकूट कशाला? चित्राबरोबर शंका दिली तर मुलाचा चित्रावरचा विश्वास उडेल. आमचा अनुभव उलट आहे. मुलांना भातुकलीतील भात आणि ताटातला भात यांतला फरक फार लवकर कळतो, आणि तरी ती भातुकली मनापासून खेळतात. ‘समज की’ या दोन शब्दांत मूल हवे ते राज्य उभे करते आणि खेळ संपला की मोडते. ‘समज की इलेक्ट्रॉन वर्तुळावर आहे’ असे त्याला सांगितले, तर ते गोंधळत नाही. उलट पुढे चित्र बदलले तेव्हा आपणास फसविले असे त्याला वाटत नाही. गोंधळ मोठ्यांचा होतो. १९९९ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात तांब्याच्या एका ऑक्साइडवरील संशोधन आले आणि डी ऑर्बिटल प्रत्यक्ष पाहण्यात आल्याचा गाजावाजा झाला. ऑर्बिटल ही गणितातील कल्पना आहे. पाहता येते ती इलेक्ट्रॉनांची घनता, ऑर्बिटल नव्हे, असा आक्षेप लगेच घेतला गेला आणि वाद रंगला. आयुष्य अणूंत घालविलेल्या विद्वानांनाही चित्र आणि वस्तू यांमधील सीमारेषा सांभाळावी लागते, तर ती सवय आठवीपासून लावण्यात काय वावगे आहे?

दुसऱ्या टोकाचा आक्षेपही आम्ही ऐकतो. सर्वच चित्रे अपुरी, तर मग सर्वच सारखी, कोणतेही काढा! हा आक्षेप आळसातून येतो. पुडिंगपेक्षा केंद्रक बरे, केंद्रकापेक्षा बोर यांच्या कक्षा बऱ्या, आणि कक्षांपेक्षा ऑर्बिटल बरे. कारण प्रत्येक नव्या चित्राने जुन्याला सुटलेली कोडी आपल्या परीने राखली आणि न सुटलेली काही सोडविली. अपुरेपणातही पायऱ्या असतात. शेवटची पायरी कधी येणार नाही म्हणून पहिल्या पायरीवर बसून राहणे शहाणपणाचे नाही.

श्रद्धेच्या क्षेत्रात हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. परमेश्वराला आपण पिता म्हणतो, मेंढपाळ म्हणतो, खडक म्हणतो. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने शिकविले की, निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखविले तरी त्याहून मोठा भेद शिल्लक राहतो. म्हणून कोणी ‘पिता’ म्हणणे सोडले नाही. तो शब्द हातात धरून, तो अपुरा आहे हे जाणून, भक्तांनी प्रार्थना केली. अणू म्हणजे परमेश्वर नव्हे. एक मोजता येतो, दुसरा येत नाही, आणि या दोहोंची गल्लत कोणी करू नये. परंतु अपुरे चित्र नम्रपणे हाती धरण्याची विद्या मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आणि ही विद्या माणसांच्या बाबतीत सर्वांत आधी लागते. शेजाऱ्याचे, दुसऱ्या जातीच्या माणसाचे, दुसऱ्या धर्माच्या माणसाचे, एवढेच काय घरातल्या सुनेचे आणि सासूचे एकेक चित्र आपल्या मनाच्या वहीत काढलेले असते. बहुधा ते कोणीतरी दुसऱ्याने फळ्यावर काढून दिलेले असते आणि आपण ते बांगडी फिरवून उतरवून घेतलेले असते. ते माणूस कधीतरी तांब्यासारखे वागते. नियमाप्रमाणे जेथे दोन हवेत तेथे एकच निघतो. त्या वेळी चित्र खोडावयाचे की माणसाला खोटे ठरवावयाचे, याचा निर्णय आपण कसा करतो? ज्याने लहानपणी, वस्तूपुढे नियम वाकताना स्वतःच्या पेन्सिलीने पाहिले आहे, त्याला हा निर्णय थोडा सोपा जाईल, अशी आमची आशा आहे.

तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची विनंती एवढीच. वर्तुळे काढून घ्या, चौकटी काढून घ्या, बाण काढून घ्या. हाताने काढल्याशिवाय ती शिस्त अंगी लागत नाही. मात्र प्रत्येक आकृतीखाली मुलाकडून तीन ओळी लिहून घ्या. हे चित्र कोणी व केव्हा मांडले. याने कोणती गोष्ट समजते. आणि कोठे पोहोचल्यावर हे अपुरे पडते. बोर, १९१३, हायड्रोजनच्या रेषा समजतात, हेलियमपाशी अडते. एवढे लिहावयास एक मिनिट पुरते. त्या तिसऱ्या ओळीला गुण नसले तरी चालेल. ती ओळ वहीत असली, तर अकरावीत वही बदलताना मुलाला कोणी फसविले असे वाटणार नाही, आणि ‘मग आधी खोटे का शिकवले?’ हा प्रश्न घेऊन त्याला कोणाच्या दारी जावे लागणार नाही.